गुण कशाचे, काम कोणाचं?

पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अहवाल, म्हणजे मुंबईकडच्या विद्यार्थ्यांच्या तोंडचं ‘ब्लॅक बुक’, आयतं मिळवण्याची सोय कृत्रिम बुद्धिमत्ता येण्याआधीही होती. सीनिअरकडून आलेली फाइल, त्यात बदललेलं नाव आणि रोल नंबर, वर सोनेरी अक्षरांचं काळं कव्हर, एवढ्यावर अनेकांचं भागत असे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं आणि आयता मजकूर फुकट मिळू लागला. शिवाय दर वेळी नवा मिळू लागला. अडचण या दुसऱ्या गोष्टीची आहे. नक्कल पकडण्याची आपली सगळी व्यवस्था मूळ आणि प्रत शेजारी ठेवून पाहण्यावर उभी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. १० ते ४० टक्के साम्य निघालं तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर प्रबंध देता येत नाही आणि त्यावर गेलं तर नोंदणीच रद्द होते. नकलेसाठी हे नियम ठीक आहेत. यंत्राने जुळवलेला मजकूर मात्र सहसा कोणाची नक्कल नसतो, त्यामुळे तो या नियमांच्या हाती लागत नाही. ‘प्लॅग दोन टक्केच आलं’ म्हणून विद्यार्थी सुटकेचा निःश्वास टाकतो तेव्हा त्या रिपोर्टचा अर्थ एवढाच असतो की ही वाक्यं याच शब्दांत आधी कुठे सापडली नाहीत. ती कोणी लिहिली, याबद्दल रिपोर्ट गप्प असतो.

मग यंत्राचा मजकूर ओळखणारं दुसरं यंत्र आणावं, हा विचार साहजिक आहे आणि अनेक महाविद्यालयांनी तो केलाही आहे. त्या वाटेने जाण्याआधी मागचा अनुभव पाहावा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन काढलं होतं. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच मजकूर त्याला ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने यंत्राचा शिक्का मारला. अचूकता कमी असल्याचं सांगून कंपनीने जुलैमध्ये ते मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा सात साधनांपुढे टोफेल परीक्षेचे ९१ निबंध ठेवले. म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांचे. सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे माणसांचे म्हणून पास झाले. यामागचं कारण आपल्या कामाचं आहे. पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, हे ही साधनं प्रामुख्याने पाहतात. भाषा साधी आणि शब्द ठरलेले असले की त्यांचा संशय वाढतो. दहावीपर्यंत मराठीत शिकून बी.एस्सी.ला इंग्रजीत जर्नल लिहिणारा लातूरचा किंवा गडचिरोलीचा विद्यार्थी नेमकं असंच इंग्रजी लिहितो. म्हणजे या साधनाच्या आकड्यावर कारवाई करायची म्हटलं तर पहिला बळी त्याचा जाईल, आणि यंत्राचा मजकूर चार ठिकाणी शब्द फिरवून देणारा चतुर विद्यार्थी सुखरूप राहील.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन कंपनीचं असंच शोधक साधन बंद केलं तेव्हा दिलेला हिशेब सोपा होता. २०२२ मध्ये तिथे ७५,००० लेखनकामं तपासणीसाठी गेली होती. कंपनी सांगते तितकी, म्हणजे एक टक्का चूक धरली तरी ७५० लेखनकामांवर खोटा आळ आला असता. आपल्याकडच्या एका मोठ्या विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या या आकड्यापुढे मांडून पाहावी. तेव्हा प्राध्यापकांनी एक पथ्य आजपासूनच पाळावं: शोधक साधनाचा आकडा हा पुरावा धरू नये. फार तर त्या विद्यार्थ्याशी दहा मिनिटं बोलायला निमित्त एवढंच त्याचं मोल. आणि ‘हे तू लिहिलंस का?’ असं चॅटजीपीटीलाच विचारण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. मे २०२३ मध्ये टेक्सासमधल्या एका विद्यापीठात एका शिक्षकाने तो केला. यंत्राने होकार दिला आणि पदवीच्या तोंडावर वर्गातल्या विद्यार्थ्यांचे गुण अडकले. दुसऱ्या कोणाला आपण काय लिहून दिलं याची कसलीही नोंद त्या यंत्रापाशी नसते. प्रश्नाला शोभेल असं उत्तर ते देतं, इतकंच.

पकडापकडी हा मार्ग नाही, हे मान्य केलं की खरा प्रश्न समोर येतो. एखाद्या लेखनकामात एआय वापरलं की नाही, यापेक्षा ते कोणत्या टप्प्यावर वापरलं हे महत्त्वाचं आहे. तुर्कस्तानात माध्यमिक शाळेच्या जवळपास एक हजार विद्यार्थ्यांवर झालेला गणिताचा प्रयोग इथे उपयोगी पडतो. एका गटाला सरावाच्या वेळी साधं चॅटजीपीटीसारखं साधन दिलं. दुसऱ्या गटाला दिलेलं साधन थेट उत्तर न देता शिक्षकांनी ठरवलेल्या पद्धतीने इशारे देणारं होतं. तिसऱ्या गटाकडे वही-पुस्तकच होतं. सरावात पहिल्या गटाची कामगिरी वहीवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्याची १२७ टक्क्यांनी सरस ठरली. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा पहिला गट वहीवाल्यांच्याही १७ टक्के मागे पडला. इशारेवाल्या गटाचं हे नुकसान बहुतांशी टळलं. पण त्यांनी वहीवाल्यांना मागे टाकलं असंही झालं नाही. सर्वांत सावध करणारी गोष्ट पुढे आहे: आपलं शिकणं कमी झालं आहे, हे पहिल्या गटातल्या मुलांना जाणवलंच नव्हतं. गणित सुटत होतं, म्हणून ते येतंय असा त्यांचा समज होता.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही आहे आणि तो लपवण्याचं कारण नाही. हार्वर्डमध्ये पदवीच्या भौतिकशास्त्राच्या १९४ विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एआय शिक्षकाबरोबर शिकलेल्यांचं आकलन चांगल्या, संवादी वर्गात शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक वाढलं. मात्र त्या साधनाला प्रत्येक प्रश्नाची पायरीपायरीची उकल प्राध्यापकांनी आधी लिहून दिली होती आणि एका वेळी एकच पायरी पुढे जायची असं बजावलं होतं. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर नियम निघतो तो असा: ज्या कामाचे गुण मिळणार, ते काम विद्यार्थ्याने करायचं, त्याच्या आजूबाजूचं यंत्राकडे द्यायला हरकत नाही. वाचायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात अडचण ही की बहुतेक असाइनमेंट कशासाठी दिली आहे, हे विद्यार्थ्याला कोणी सांगितलेलंच नसतं आणि पुष्कळदा देणाऱ्यानेही ते ठरवलेलं नसतं.

म्हणून विद्यार्थ्यांनी काम हाती घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा: यात माझं कोणतं कौशल्य तपासलं जाणार आहे? समाजशास्त्राच्या सर्वेक्षणात मुलाखती घेणं आणि उत्तरांचं वर्गीकरण करणं हे शिकायचं असेल, तर इंग्रजी सारांशातलं व्याकरण यंत्राकडून तपासून घेतल्याने काही बिघडत नाही. तेच काम ‘इंग्रजी लेखन कौशल्य’ या विषयाचं असेल तर व्याकरण हाच विषय आहे आणि तिथे यंत्राला हात लावायचा नाही. संगणकशास्त्राच्या पहिल्या सत्रात ‘लूप’ शिकताना कोड मागून घेणं म्हणजे शिकणंच टाळणं. शेवटच्या वर्षी मोठ्या प्रकल्पातला रटाळ भाग यंत्राकडून लिहून घेऊन तो तपासणं हे कदाचित अपेक्षितच असेल. म्हणजे साधन तेच, कृती तीच, पण एका ठिकाणी योग्य आणि दुसऱ्या ठिकाणी चुकीची. ‘एआय चालेल की नाही?’ असा सरसकट प्रश्न विचारून म्हणूनच काही हाती लागत नाही.

एका वापराची शिफारस मी निःसंकोच करेन. इंग्रजी पाठ्यपुस्तकातला अवघड परिच्छेद मराठीत समजावून घेणं, हा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला या साधनांनी दिलेला मोठाच आधार आहे. ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही आणि क्लास परवडत नाही, त्याला रात्री अकरा वाजता चौथ्यांदा तीच शंका न लाजता विचारता येते. मात्र वापरताना क्रम सांभाळावा. आधी परिच्छेद स्वतः वाचून, जेवढं कळलं तेवढं दोन-तीन वाक्यांत आपल्या शब्दांत लिहावं आणि मग यंत्राला विचारावं, ‘माझ्या समजुतीत काय चुकलंय?’ थेट ‘समजावून सांग’ म्हटलं की वाचताना सगळं पटतं आणि पुस्तक मिटल्यावर काही आठवत नाही. शिवाय पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत यंत्राच्या मराठीवर भरवसा ठेवू नये. हिंदीतली संज्ञा मराठी म्हणून खपवणं, एकाच उत्तरात एका संकल्पनेला दोन नावं देणं, हे प्रकार सर्रास होतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश आंतरजालावर फुकट आहेत. संज्ञा तिथे पडताळून घ्यावी.

संदर्भांच्या बाबतीत तर पडताळणीला पर्यायच नाही. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी ‘ग्रामीण साहित्याच्या संकल्पनेवर दहा संदर्भ दे’ असं यंत्राला सांगितलं, तर यादी झटकन येते आणि दिसायला निर्दोष असते. लेखकाचं नाव खरं, पुण्यातली प्रकाशन संस्था खरी, वर्षही त्या लेखकाच्या कारकिर्दीत बसणारं. फक्त ते पुस्तक कधी निघालेलंच नसतं. ‘नवभारत’ किंवा ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिके’चा महिना-वर्षासह अंक सांगितलेला असतो आणि त्या अंकात तो लेख नसतो. हे खोडसाळपणे होत नाही. आधीच्या शब्दांमागून कोणता शब्द येणं संभवतं, या हिशेबावर मजकूर तयार होतो. संदर्भाचा साचा यंत्राला पाठ असतो, त्या साच्यात बसेल असं नाव ते भरतं. मराठी पुस्तकांची, नियतकालिकांची माहिती आंतरजालावर विरळ असल्यामुळे ही भर इंग्रजीपेक्षा जास्त पडते. ज्या साधनांना आंतरजालावर शोध घेता येतो ती थोडी बरी, पण दुव्यामागच्या पानावर भलतंच लिहिलेलं असणं त्यांच्याही बाबतीत घडतं. न्यूयॉर्कमध्ये जून २०२३ मध्ये दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड झाला तो याच कारणाने: न्यायालयापुढे ठेवलेले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. त्यांतल्या एकाने ‘हे निवाडे खरे आहेत ना?’ अशी खात्रीही करून घेतली होती, पण चॅटजीपीटीकडूनच. तेव्हा पद्धत अशी ठेवावी: यंत्राने सुचवलेलं नाव आधी ग्रंथालयाच्या सूचीत शोधायचं, प्रबंध असेल तर ‘शोधगंगा’वर, सापडलं तर पुस्तक मागवून ते पान स्वतः वाचायचं. जे पान उघडून पाहिलं नाही, ते संदर्भसूचीत जाणार नाही. इतका शिरस्ता पाळला तरी व्हायव्हात घाम फुटण्याचे निम्मे प्रसंग टळतील.

वापर केला असेल तर तो सांगावा, आणि तपशिलाने सांगावा. ‘या प्रकल्पासाठी एआयची मदत घेतली’ हे वाक्य काहीच सांगत नाही. त्याऐवजी अहवालाच्या सुरुवातीला असं निवेदन द्यावं: ‘प्रश्नावलीचा पहिला मसुदा मी तयार केला. दुहेरी अर्थाचे प्रश्न ओळखण्यासाठी चॅटजीपीटी वापरलं. त्याने सुचवलेल्या बदलांपैकी प्रश्न ४ आणि ९ मधले बदल स्वीकारले. मुलाखती, वर्गीकरण आणि निष्कर्ष माझे आहेत. इंग्रजी सारांशाची भाषा याच साधनाकडून तपासून घेतली.’ यंत्राला सहलेखक म्हणून मात्र लिहू नये. चुकीची जबाबदारी त्याला घेता येत नाही, म्हणून ‘नेचर’ने जानेवारी २०२३ मध्येच तसं करायला मनाई केली. निवेदनाबरोबर आपले कच्चे मसुदे, मुलाखतीच्या वह्या, यंत्राशी झालेला संवाद जपून ठेवावा. उद्या खोटा आळ आला तर हीच कागदपत्रं उपयोगी पडतील.

आता प्राध्यापकांची बाजू. नवीन शैक्षणिक धोरणाच्या रचनेत अनेक विद्यापीठांत शंभरातले ३० ते ४० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत आणि त्यांतले बरेच घरून लिहून आणायच्या कामावर जातात. ‘जलयुक्त शिवार अभियानाचे मूल्यमापन करा’ असा प्रश्न दिला की उत्तर कोण लिहिणार, हे विचारायला नको. उद्दिष्टं, अंमलबजावणी, फायदे, मर्यादा, निष्कर्ष अशी पाच नीटस शीर्षकं तयार होऊन येतील. त्याच प्रश्नाला आपल्या तालुक्यात उतरवून पाहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतली पाण्याची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजते. आपल्या तालुक्यातल्या दोन विहिरींच्या काही वर्षांच्या नोंदी घ्या, त्या वर्षांचा पाऊस शेजारी मांडा, एका विहिरीच्या गावी जाऊन भोवती ऊस आहे की तूर ते बघा, आणि पातळीतला फरक पावसामुळे की बंधाऱ्यामुळे, याबद्दल तुमचं मत पुराव्यासह द्या. इथेही यंत्र वापरता येईल: तक्ता करायला, खडक आणि पाझर यांचा संबंध समजून घ्यायला. पण गावात जाणं आणि मत बनवणं विद्यार्थ्यालाच करावं लागेल. अहवाल आल्यावर पाच मिनिटं तोंडी विचारावं: ‘ही विहीर का निवडलीस? अमुक वर्षीचा आकडा असा का दिसतो?’ ज्याने काम केलं आहे तो मोडक्यातोडक्या भाषेतही उत्तर देतो.

यावर प्राध्यापकांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो खरा आहे. एकेका वर्गात शंभर-सव्वाशे विद्यार्थी, निम्मे सहकारी तासिका तत्त्वावर, त्यात नॅकची फाइल. तोंडी परीक्षा घ्यायची कधी? पण वेळ नाही हे खरं असलं तरी वेळ आज कुठे जातो, हेही पाहावं. कोणी न लिहिलेले शंभर निबंध तपासण्यात जे तास जातात ते विद्यार्थ्याचेही नाहीत आणि शिक्षकाचेही नाहीत. सत्रातली चार छोटी लेखनकामं कमी करून एकच नीट द्यावं, ते चौघांच्या गटाने करावं आणि तोंडी प्रश्न गटातल्या कोणालाही विचारले जातील असं आधी जाहीर करावं. सव्वाशेच्या वर्गात तीस-बत्तीस गट होतात, चार-पाच तासिकांत ते उरकतात. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला या तासांचं मानधन मिळालं पाहिजे, ही मागणी प्राचार्यांपुढे आणि विद्यापीठापुढे ठेवावीच लागेल. ती न ठेवता सगळा भार त्यांच्यावर टाकणं अन्यायाचं होईल.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांकडून येतो: कॅल्क्युलेटर आला तेव्हाही हीच ओरड झाली होती, आणि उद्या नोकरीत हेच वापरायचं आहे तर आज का नको? कॅल्क्युलेटर आकडेमोड करतो. काय मिळवायचं आणि कशाने भागायचं हे वापरणाऱ्यालाच ठरवावं लागतं. इथे तो निर्णयही यंत्र घेऊन टाकतं, आणि तो चुकला तर चूक शुद्ध, आत्मविश्वासाच्या भाषेत येते. नोकरी देणाऱ्याला यंत्राचं उत्तर हवं असेल तर तो यंत्राचे पैसे भरेल. पगार देईल तो ते उत्तर कुठे चुकलं हे सांगणाऱ्याला. विषय आल्याशिवाय ते सांगता येत नाही.

सरसकट बंदी घाला, सगळं वर्गात हाताने लिहून घ्या, असं म्हणणाऱ्यांशी मी अर्धा सहमत आहे. पायाभूत विषयांत, पहिल्या दोन सत्रांत, वर्गात बसून लिहिण्याचं प्रमाण वाढायलाच हवं. पण तीन तासांत प्रबंध लिहून होत नाही, सर्वेक्षण होत नाही. सगळंच परीक्षागृहात कोंडलं तर पाठांतरापलीकडचं शिक्षण, जे आधीच थोडं आहे, तेही जाईल. आणि घरी पाळली जाते की नाही हे तपासता न येणारी बंदी फक्त प्रामाणिकांनाच बांधते. पैसे भरून मिळणारी महागडी साधनं आणि फुकटची साधनं यांतली दरी हा आक्षेपही रास्त आहे. त्यावर तूर्त उपाय हा की असाइनमेंटमध्ये एआय अपेक्षित असेल तर जुन्या मोबाइलवर चालणाऱ्या फुकट साधनाने ती पूर्ण होईल, याची खात्री शिक्षकाने आधी स्वतः करून घ्यावी.

शिक्षकांच्या स्वतःच्या वापराबद्दल फारसं कोणी बोलत नाही. प्रश्नसंच काढणं, सोपी उदाहरणं शोधणं, स्लाइड बनवणं यात गैर काही नाही. उत्तरं मात्र एकदा स्वतः सोडवून पाहावीत, कारण बहुपर्यायी प्रश्नांत दोन पर्याय बरोबर निघण्याचे प्रकार पुष्कळ होतात. पीएच.डी.चा अप्रकाशित प्रबंध परीक्षणासाठी आला की तो एखाद्या खुल्या साधनात टाकून ‘अहवाल लिहून दे’ म्हणणं ही वेगळी गोष्ट आहे: ते दुसऱ्याचं अप्रकाशित संशोधन विश्वासाने हाती आलेलं असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जून २०२३ मध्ये अनुदान प्रस्तावांच्या परीक्षणात अशा वापराला बंदी केली ती गोपनीयतेसाठीच. क्षेत्रकार्यात गोळा केलेली नावं, गावं, जात, आजार यांचे तपशील साधनात टाकण्याआधी काढून टाकावेत, हे विद्यार्थ्याला मार्गदर्शकाने सांगायचं आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण ज्याने मुलाखत दिली त्याला आपली माहिती कुठे जाते हे माहीत नव्हतं, हे त्याहून मोठं कारण. आणि गुण यंत्राकडून ठरवून घेऊ नयेत. विद्यार्थ्याने ‘मला बारा का दिले?’ असं विचारलं तर उत्तर देणारा माणूस असला पाहिजे.

हे सगळं प्रत्येक शिक्षकाने आपापल्या परीने केलं तर एका वर्गात एक नियम आणि शेजारच्या वर्गात उलटा, असा गोंधळ होईल. म्हणून विभागाने सत्राच्या पहिल्या आठवड्यात अभ्यासक्रमासोबत एक पान द्यावं, मराठीत द्यावं. प्रत्येक अंतर्गत कामापुढे तीन ओळी पुरेत: यात गुण कशाचे आहेत, यंत्र कुठवर चालेल आणि निवेदनात काय लिहायचं. तक्रार आली तर विद्यार्थ्याचं म्हणणं आणि कच्चे मसुदे पाहिल्याशिवाय निर्णय होणार नाही, हेही त्यातच छापावं. विद्यार्थ्यांनी ते पान मिळालं नाही तर मागावं. पहिलं काम सादर करण्याच्या आधी.